उभ्याचं माप, बसल्याची पॅन्ट : आण्णांबरोबर बेळगाव जिल्ह्यात पाच दिवस

आमच्या आण्णांनी बेळगावच्या शहापुरात बेचाळीस वर्षं पॅन्टी शिवल्या. गेल्या दिवाळीत दुकान बंद केलं तेव्हा घरी काय आलं, तर एक पायमशीन, दोन कात्र्या, कोळशाची जुनी इस्त्री आणि मापाच्या अकरा वह्या. वहीत प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नावापुढं गाव लिहिलेलं. कणकुंबी, नंदगड, रायबाग, चिंचली, अथणी, निपाणी. बाजाराला आलेली माणसं माप देऊन जायची आणि पुढच्या बाजाराला कपडे न्यायची. त्या गावांतल्या माणसांच्या कमरा आण्णांना तोंडपाठ, पण गावं त्यांनी कधी बघितली नव्हती. दुकान सोडून जायचं कुठं आणि कधी?

म्हणून जानेवारीत मी ऑफिसातून पाच दिवस रजा काढली आणि एकाहत्तर वर्षांच्या आण्णांना माझ्या साडेतीनशे सीसीच्या गाडीवर मागं बसवलं. ह्या लिखाणात गावं आहेत, खाणं आहे, माणसं आहेत. पण पॅन्टचा पाय गाडीवर वर का चढतो आणि तो खाली कसा ठेवायचा, ह्यावरही बरंच लिहिणार आहे. पहिल्याच दिवशी आण्णांचा पाय भाजला आणि त्यानंतर आमच्या बोलण्यात दुसरा विषय फारसा आलाच नाही.

पहिला दिवस : बेळगाव, जांबोटी, कणकुंबी, खानापूर

सकाळी साडेसहाला घर सोडलं. पिरनवाडी मागं पडली तरी हेल्मेटच्या काचेवर वाफ धरत होती. आण्णांनी स्वतः शिवलेली टेरीकॉटची पॅन्ट घातलेली, काळे बूट, आखूड मोजे. मी जीन्समध्ये. जांबोटीच्या पुढं रस्ता झाडीत शिरतो आणि थंडी एकदम दुप्पट होते. तिथं माझ्या नडग्या बधिर झाल्या. गाडी बाजूला घेऊन बघते तर जीन्सचा बॉटम पोटरीच्या वर जाऊन बसलेला. ओढून खाली केला. दहा मिनिटांत पुन्हा तिथंच. एका हाताने गाडी धरून दुसऱ्याने पॅन्ट ओढण्याचा प्रकार मी अनेकांना करताना बघितलाय. वळणाच्या रस्त्यावर तसं करणं सरळ धोक्याचं आहे.

कणकुंबीत चहाच्या टपरीपाशी थांबलो. डावीकडं गटार होतं, म्हणून आण्णा उजवीकडून उतरले. सायलेन्सर उजवीकडं, तासाभराच्या रस्त्याने तापलेला, आणि त्यांच्या पॅन्टचा पाय वर चढून पोटरी उघडी पडलेली. "आई गं" एवढाच आवाज आला. रुपयाच्या नाण्याएवढा डाग लालबुंद झाला होता.

टपरीवरल्या मावशी धावत आल्या. कुणी हळद आणली, कुणी टूथपेस्ट. मी दोन्हीला नको म्हटलं आणि फक्त पाणी मागितलं. मावशींनी एक शब्द न विचारता कळशी उचलली आणि बारीक धारेनं आण्णांच्या पायावर पाणी सोडायला लागल्या. एक कळशी संपली की सून दुसरी भरून आणायची. घड्याळ लावून वीस मिनिटं. चहा उकळून आटला, दोन गिऱ्हाइकं तशीच उभी राहिली, पण मावशींनी हात थांबवला नाही. निघताना पैसे द्यायला गेले तर म्हणाल्या, "माउलीच्या दारात आलासा, पाण्याचे पैसे घेऊ काय?"

भाजल्यावर एवढंच करायचं असतं: लगेच वीस मिनिटं साधं गार, वाहतं पाणी. बर्फ नको, पेस्ट नको, हळद नको, आणि फोड आला तर फोडायचा नाही. सायलेन्सरला पाय लागणं हा प्रकार मागं बसणाऱ्याच्या बाबतीत फार होतो. चालवणारा आपल्या गाडीला सरावलेला असतो, मागचा नसतो. शक्यतो डावीकडूनच उतरा, आणि डावीकडं जागा नसेल तर गाडी दोन हात पुढं घ्या. मी घेतली असती तर पुढचं टळलं असतं, हे माझ्या मनातून अजून जात नाही.

माउलीचं देऊळ बघितलं, मलप्रभेचा उगम बघितला. इथं ओंजळीत मावेल एवढी असलेली ही नदी खानापूर, सौंदत्ती करत पार कूडलसंगमाला कृष्णेला मिळते. आण्णा पाय लांब करून कट्ट्यावर बसले आणि म्हणाले, "कणकुंबीची माणसं बारीक. कंबर अठ्ठावीस, एकोणतीस. चढ-उतार चालून चालून." टपरीवरली माणसं बघितली तर खरंच तशीच.

चोर्ला घाट उतरायचा बेत सोडून खानापूर गाठलं. डॉक्टरांनी मलम लावलं, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि प्रवास चालू ठेवायला हरकत नाही म्हणाले.

संध्याकाळी लॉजच्या अंगणात आण्णांनी मला उभ्या गाडीवर बसायला सांगितलं. खिशातनं टेप काढला. दुकान बंद झालं तरी टेप खिशात असतोच. आधी जमिनीवर उभं करून माझं माप घेतलं: कमरेपासून घोट्यापर्यंत एकोणचाळीस. मग गाडीवर बसवून, पाय फूटरेस्टवर ठेवायला लावून, टेप कमरेपासून मांडीवरून आणि गुडघ्यावरून वळवत घोट्यापर्यंत आणला. साडेत्रेचाळीस.

"बघ गे," ते म्हणाले, "साडेचार इंच कापड कमी पडतंय. उभ्या माणसाचं माप घेतलं की कापड सरळ खाली पडतं. बसलं की मागं सीटला जास्त लागतं, गुडघ्यावरून वळसा घ्यायला आणखी लागतं. ते येणार कुठनं? वर पट्टा आवळलेला, तिथनं येत नाही. मग खालनं येतं." आणि एकदा बॉटम पोटरीच्या गोळ्यावर चढला की आपणहून उतरत नाही. गुडघ्यापाशी कापड ताणून बसलेलं असतं, त्यात खालून वारा शिरून पाय फुगवतो, गाडीचा हादरा कापड आणखी वर सरकवतो. मांडीत तंग पॅन्ट असेल तर जास्तच, कारण मांडीवर कापडाला सरकायला जागाच राहत नाही.

"मी बेचाळीस वर्षं सगळ्यांची उभी मापं घेतली," आण्णा म्हणाले. "त्यातले निम्मे सायकलवरनं यायचे, पुढं मोटरसायकलवरनं यायला लागले. एकालाही बसवून माप घेतलं नाही." त्यांना ह्याचं खरोखर वाईट वाटत होतं. रात्री दिवा मालवल्यावरही त्यांनी एकदा "साडेचार इंच" असं म्हटलेलं मी ऐकलं.

दुसरा दिवस : नंदगड, हलशी, आणि पुन्हा घर

सकाळी आण्णांच्या पॅन्टच्या दोन्ही पायांना खाली सुतळी बांधली. तात्पुरता इलाज. नंदगडला कित्तूरच्या संगोळ्ळी रायण्णाची समाधी आहे. इंग्रजांनी २६ जानेवारी १८३१ रोजी त्याला इथं फाशी दिली. आम्ही गेलो तेव्हा शाळेची पोरं रांगेनं दर्शनाला आलेली, निम्मी कन्नड बोलणारी, निम्मी मराठी, आणि रायण्णा दोघांचाही.

समाधीहून परतताना चहाला थांबलो. बाकड्यावर बसलेल्या एका गृहस्थांनी आण्णांच्या पायातली सुतळी बघितली आणि उठून जवळ आले. मराठा लाईट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. १७६८ साली उभी राहिलेली ही रेजिमेंट, तिचं केंद्र बेळगावातच, त्यामुळं खानापूर तालुक्यातल्या घराघरांत फौजी सापडतो.

"सुतळी काचणार बघा," ते म्हणाले. "रक्त अडतं. आमच्या आज्याच्या फोटोत घोट्यापासून गुडघ्यापर्यंत पट्ट्या गुंडाळलेल्या हायत. पयल्या महायुद्धात होता तो." त्या लोकरी पट्ट्यांसाठी इंग्रजांनी शब्दसुद्धा आपलाच उचलला, पट्टीची 'पुट्टी' केली. हवालदारांच्या स्वतःच्या वेळेला पट्ट्या गेल्या होत्या. रबरी तळाचे डीएमएस बूट आणि त्यावर जाड कापडाचे अँकलेट. पॅन्टचा पाय खाली ओढून बुटावर घ्यायचा आणि वरून अँकलेट आवळायचा. त्यांनी घरातनं आपले जुने अँकलेट आणून आण्णांच्या हातात दिले. आण्णांनी उलटसुलट करून शिलाई बघितली, बक्कल बघितलं.

मग दोघांचं बराच वेळ चाललं. आण्णांचं म्हणणं असं, की बांधणं बरोबर आहे, पण कापडच कमी असेल तर बांधून फायदा नाही. खाली बांधलेलं, वर पट्टा, मग सगळा ताण गुडघ्यावर येतो आणि तासाभरात गुडघा धरतो. आधी लांबी, मग बंध. हवालदारांना ते पटलं. त्यांनी सांगितलं, की कवायतीला पाय वाकवून बसायचं नसतं, म्हणून अँकलेट तिथं चालतात.

हलशीला दुपारी पोचलो. गोव्याच्या कदंबांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं भूवराह नृसिंहाचं देऊळ. एकाच मंडपात समोरासमोर दोन गाभारे. आत इतका गारवा, की आण्णांनी भाजलेल्या पायाची पट्टी सैल करून थंड फरशीवर पाय टेकवला आणि अर्धा तास तसेच बसून राहिले. पुजाऱ्यांनी गूळ-खोबरं हातावर ठेवलं. देवळाभोवती गाव आहे, गर्दी नाही, दुकानांची रांग नाही. बेळगावहून एका दिवसात येऊन-जाऊन होतं आणि तरी आपली माणसं इथं येत नाहीत. डबा घरून न्या, गावात जेवणाची सोय बेताची आहे.

मुक्काम पुढं कुठंतरी करायचा होता, पण आण्णा म्हणाले, "बेळगाववरूनच जायचं आहे नव्हं? मग घरी थांबू. मशीन घरात आहे." त्या रात्री आमच्या माजघरात बऱ्याच दिवसांनी मशीनचा आवाज घुमला.

जीन्सला आत मार्जिन नसतो, म्हणून त्यांनी माझी जुनी गॅबर्डिनची पॅन्ट घेतली. खालचा फोल्ड उसवला, दोन इंच मिळाले. राहिलेल्या लांबीसाठी त्याच रंगाच्या कापडाची जोडपट्टी लावली. गुडघ्यापाशी दोन्ही बाजूंना शिवण उसवून टक्स घातले, म्हणजे पॅन्ट पडून राहिली तरी तिचा गुडघा किंचित वाकलेलाच दिसतो. आणि आसनात, जिथं चार शिवणी एकत्र येतात, तिथं पतंगासारखा चौकोनी तुकडा बसवला, म्हणजे पाय फाकवून बसलं तरी कापड ओढत नाही. छावणीतल्या साहेबांच्या ब्रीचेस शिवणाऱ्या त्यांच्या वस्तादांनी हे त्यांना अठराव्या वर्षी शिकवलेलं. घोड्यावर बसणाऱ्यासाठी मांडीत सैल, गुडघ्याखाली घट्ट. पुढं कुणी घोड्यावरचं मागायला आलं नाही, म्हणून ते हातातनं गेलं. त्या रात्री ते परत आलं. दिव्याखाली टक्सची टोकं खडूनं आखताना त्यांचा हात जराही थरथरला नाही.

शेवटी बॉटमला आतून इंचभर रुंद इलॅस्टिकचा फास शिवला. बुटाच्या तळव्याखालून जाणारा, टाचेच्या पुढच्या खोबणीत बसणारा. स्वतःच्या पॅन्टलाही तेच केलं. मग बारावी वही म्हणून माझी एक कोरी वही घेतली आणि पहिल्या पानावर रेघ मारून दोन रकाने केले. उभं. बसून.

तिसरा दिवस : अंकलगीवरून गोकाक

अंकलगीवरून गोकाकचा रस्ता उघड्या माळावरून जातो. सकाळी आठचा वारा समोरून. मी मुद्दाम पाऊण तास थांबले नाही. उतरून खाली बघितलं, बॉटम बुटावर जिथल्या तिथं. नडग्या गरम होत्या. ज्यांनी थंडीत गाडी चालवली आहे त्यांना हे सुख वेगळं सांगायला नको. आण्णांनी वाकून स्वतःची पॅन्ट बघितली, मग माझी, आणि काही न बोलता चहा सांगितला.

गोकाकचा धबधबा सुमारे १७० फुटांचा. पाणी बघायचं तर जुलै ते सप्टेंबरमध्ये या. जानेवारीत घटप्रभा बारीक होते, पण मग घोड्याच्या नालासारखा वळलेला तो कडा पूर्ण उघडा दिसतो, थरावर थर. आण्णांना धबधब्यापेक्षा शेजारची गिरणी बघायची होती. १८८५ सालची सूतगिरणी, ह्याच पाण्याच्या ताकदीवर उभी राहिलेली. फाटकाबाहेर उभे राहून ते बराच वेळ तिकडं बघत होते. "एवढं सूत इथनं गेलं," ते म्हणाले, "त्यातलं किती माझ्या कात्रीखालनं गेलं असेल."

गावात करदंट घेतला. कन्नडमध्ये 'करिद अंटु' म्हणजे तळलेला डिंक. तळून फुललेला डिंक, सुकामेवा, खोबरं आणि गूळ. दुकानदारांनी ताजी वडी तोडून दिली. दाताखाली डिंक आधी कुरकुरतो आणि मग चिकटतो. थंडीत गाडीवरून जाताना खिशात दोन वड्या असाव्यात, दोन तास भूक लागत नाही.

ह्या दिवसांत उसाचा हंगाम असतो. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, बाहेर आलेलं वाडं, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, आणि डेकचा आवाज एवढा, की हॉर्न ऐकू जात नाही. सूर्य मावळायच्या आत मुक्कामाला पोचा. ओलांडताना पूर्ण ट्रॉल्या दिसल्याशिवाय बाहेर काढू नका.

संध्याकाळी लॉजवर माझ्या डाव्या पायाचा इलॅस्टिक फास तुटला. फूटरेस्टच्या रबराला खाचा असतात, नेमकं तिथंच इलॅस्टिक घासत होतं. शिवाय चालताना ते पॅन्टला खाली ओढत राहायचं. आण्णांनी तुटलेली टोकं हातात घेतली. "इलॅस्टिक बाजूला ठीक," ते म्हणाले. "खाली काहीतरी न झिजणारं पाहिजे." मी म्हटलं, "आण्णा, उद्या अथणी आहे."

चौथा दिवस : रायबाग, चिंचली, अथणी

रायबागवरून चिंचलीला मायाक्काचं दर्शन घेतलं. माघातली यात्रा अजून लांब होती, त्यामुळं देऊळ शांत. यात्रेला महाराष्ट्रातनं बैलगाड्या येतात, भंडाऱ्यानं सगळं पिवळं होतं. भंडारा कपाळाला लावला आणि कुडचीपाशी कृष्णा ओलांडून उगारला आलो. कारखान्याच्या मळीचा वास मैलभर आधी येतो.

उगारच्या पुढं ऊस विरळ होतो आणि शाळू सुरू होतो. एका शेताच्या बांधावर धूर दिसला. थांबून विचारलं, तर त्या मालकांनी हातानेच बोलावलं. "बर्री, बर्री. सीतनी तिन्री." हुरड्याला इकडं सीतनी म्हणतात. शेणीच्या आरावर भाजलेली कणसं, हातावर चोळून, फुंकर मारून, गरम दाणे थेट ओंजळीत. सोबत शेंगाची चटणी, ताजं दही आणि कडक भाकरी. मला कन्नड येतं, आण्णांना दुकानापुरतं येतं, आणि मालकीणबाईंना मराठी समजत होतं, त्यामुळं बोलणं कुठं अडलं नाही. मालक ताडमाड उंच. आण्णा त्यांच्याकडं बघून म्हणाले, "लांबी बेचाळीस." मालकांना कळेना, म्हणून आण्णांनी टेप काढून लावला. बेचाळीस. मालकांना इतका आनंद झाला, की त्यांनी दोघा मुलांनाही पुढं उभं केलं. आण्णांनी त्यांची मापं घेतली, आणि मग गाडीवर बसवून परत घेतली.

अथणीला चार वाजता. कोल्हापुरी चप्पल म्हणून जी जगभर जाते, त्यातली कितीतरी इथं आणि निपाणीकडं बनते. २०१९ साली कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून, त्यात बेळगाव आहे. गल्लीत शिरलं की बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेल्या कातड्याचा वास. पुरुष तळ कापत बसलेले, बायका दारात वेण्या विणत.

एका कारागिराच्या ओट्यावर बसलो. वय साठीच्या आसपास, बोटांना रापीचे जुने वळ. आण्णांनी तुटलेलं इलॅस्टिक आणि माझा बूट समोर ठेवला. त्यांनी बूट पालथा केला, टाचेपुढची खोबण अंगठ्यानं चाचपली, फूटरेस्ट कुठं लागतो ते झिजलेल्या रबरावरून स्वतःच ओळखलं आणि म्हणाले, "मास्तर, इथं वादी पाहिजे. म्हशीची नको, जाड होईल. शेळीची."

पाणी मारून कातडं मऊ केलं. रापीनं एका दमात बोटभर रुंद पट्टी कापली, कडा तासून पातळ केल्या, म्हणजे तळव्याखाली उंचवटा येणार नाही. आरीनं दोन्ही टोकांना भोकं पाडली. मग एक पितळी बक्कल काढून ठेवलं. आण्णांनी मान हलवली. "बक्कल नको. पोरगी गाडी चालवते. वादी फूटरेस्टला अडकली आणि सुटली नाही तर पाय खाली टेकणार कसा? ओढल्यावर सुटलं पाहिजे." कारागिरांनी एक क्षण विचार केला, आत गेले आणि पर्समध्ये लावतात तसली टिचबटणं घेऊन आले. मग तळव्याखाली कातडं, दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच इलॅस्टिक, आणि बाहेरच्या बाजूला टिचबटण. मी बूट घालून मुद्दाम पाय अडकवून झटका दिला. टक्कन सुटलं. दोघेही एकदमच "हं" म्हणाले.

चार वाद्यांचे त्यांनी दोनशे रुपये घेतले. आण्णांनी जास्त द्यायला बघितलं तर घेतले नाहीत. पण आण्णांनी त्यांच्या शर्टाची उसवलेली बगल बघून ठेवली होती. सुई-दोरा मागून घेतला आणि तिथंच ओट्यावर बसून शिवून दिली.

हे घरी करायचं असेल तर लक्षात ठेवायच्या गोष्टी सांगते. पॅन्टची लांबी गाडीवर बसून मोजा, उभ्या मापापेक्षा तीन-चार इंच जास्त लागेल. चालताना ती बुटावर लोळेल, म्हणून गाडीवरची पॅन्ट वेगळीच ठेवा किंवा आत टिचबटण लावून दुमडायची सोय करा. बॉटम फार रुंद नको, चेन आणि चाकाकडं जातो. फास टाचेच्या पुढं, खोबणीत. शिवायला कुणी नसेल तर सायकलवाले लावतात ती स्टीलची क्लिप किंवा वेलक्रोची पट्टी पोटरीच्या खाली लावा. लांबी पुरेशी असेल तर तेवढ्यानेही भागतं. रबरबँड आणि सुतळी नको. पावसात पॅन्ट बुटाच्या बाहेर ठेवा, आत खोचली तर सगळं पाणी बुटात उतरतं.

पाचवा दिवस : मांजरी, चिक्कोडी, निपाणी, बेळगाव

मांजरीच्या पुलावर धुकं इतकं, की कृष्णा दिसलीच नाही, नुसती ऐकू आली. अंकली, चिक्कोडी भराभर मागं टाकली. निपाणीत शिरताना तंबाखूचा वास येतो, नाकाला थोडा झोंबणारा. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी महामार्गावर ठाण मांडून बसले होते, ते आण्णांना लख्ख आठवतं. त्या दिवसांत निपाणीकडची गिऱ्हाइकं आली नाहीत, शिवून तयार कपडे महिनाभर खुंटीला राहिले. "बांधून ठेवले होते नावानिशी," म्हणाले. "एकूण एक येऊन घेऊन गेला."

तवंदी घाटात आडवा वारा लागला. मागून आण्णांनी माझ्या खांद्यावर थोपटलं आणि पायाकडं बोट दाखवलं. त्यांची पॅन्ट बुटावर टेकलेली, पट्टी झाकलेली. पुढं संकेश्वर, यमकनमर्डी, वंटमुरी, काकती. चार वाजता घरी.

जेवायच्या आधी आण्णांनी चारही वाद्या काढून खिडकीच्या उजेडात धरल्या. तीन शाबूत. माझ्या डाव्या पायाची मात्र पुढच्या कडेला खरवडलेली होती, कारण गिअर वर घेताना त्या पायाचा दाब फूटरेस्टवर पडतो. त्यांनी वही काढली आणि माझ्या मापाखाली लिहिलं: डावी वादी अर्धा बोट मागं घेणे. मग मशीनला तेल घालायला बसले.